इंद्रवेल्लीचा साक्षीदार

तेलंगणात आदिलाबादहून उटनूरकडे जाताना इंद्रवेल्लीत एक लाल स्तंभ लागतो. इथले लोक त्याला स्तूप म्हणतात. तो बोलत नाही. त्याला शपथ देता येत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, पंचनाम्यावर त्याची सही नाही. तरीही मंडलात त्याच्याइतका जबर साक्षीदार दुसरा नाही, आणि त्याच्याइतका छळ झालेलाही नाही.

त्याची साक्ष एका सोमवारची आहे. २० एप्रिल १९८१, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कूली संघमने गोंडांची सभा बोलावली होती. मागण्या साध्या होत्या: कसत असलेल्या जमिनीचे पट्टे द्या, बिगर-आदिवासींनी घेतलेल्या जमिनी परत करा, मालाला भाव द्या. त्या जमिनींवर बसलेल्यांत महाराष्ट्रातून तिकडे गेलेले, मराठी बोलणारे शेतकरीही होते. हे आपण मराठी वाचकांनी विसरू नये. सभेची परवानगी मागे घेतली गेली. पण गुड्यागुड्यांतून, म्हणजे गोंडांच्या पाड्यांतून, माणसं निघाली होती. कुणी सभेला, कुणी मीठमिरची आणायला. पोलिसांनी अडवलं, झटापट झाली, गोळ्या सुटल्या. एक पोलीसही मेला. एका गोंड बाईच्या अंगावर पोलिसाने हात टाकला आणि तिने विळा उचलला, तिथून ठिणगी पडली, असं सांगितलं जातं. जमावाने हल्ला केला, असं पोलिसांचं म्हणणं.

सरकारी आकडा तेरा. नागरी हक्कांसाठी काम करणारे म्हणाले, साठाच्या वर. गोंड म्हणतात, शंभराहून जास्त.

तेरा आणि शंभर यांच्यामधली माणसं कुठे गेली? मेलेला माणूस कागदावर यायचा तर प्रेत सापडावं लागतं, त्याचा पंचनामा व्हावा लागतो, शवविच्छेदन व्हावं लागतं, ‘हा माझा’ म्हणायला कुणीतरी पुढे यावं लागतं. गोळी लागून रानात पळालेला आणि दोन दिवसांनी आपल्या गुड्यात मेलेला माणूस यातल्या कुठल्याच कागदावर येत नाही. त्याच्या बायकोने ‘हा माझा’ म्हणावं, तर बेकायदा जमावात नवरा होता हे तिनेच कबूल केल्यासारखं होणार. मग ती गप्प राहते, आणि भीतीपोटी आलेलं तिचं मौन तेराच्या आकड्याला बळ देतं. ज्याच्यावर आरोप त्याच्याच हातात पुरावा गोळा करणं असलं, की आकडा असाच निघतो.

समजा, ती बाई हिंमत करून दिवाणी कोर्टात गेली असती. तिच्यासमोर १९६४चा कस्तुरीलालचा निकाल उभा होता. पोलिसांनी जप्त केलेलं एका व्यापाऱ्याचं सोनं हेड कॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात पळाला, तरी सरकार भरपाईला बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं. सोन्याची ही गत, तर गोंडाच्या जिवाचं काय? पोलीस कोठडीतल्या मृत्यूसाठी थेट सरकारकडून भरपाई देणारा नीलाबती बेहेराचा निकाल १९९३मध्ये आला. तिच्या मुलाचं प्रेत रेल्वेरुळांवर सापडलं होतं. तो पळून गेला आणि गाडीखाली आला, हे पोलिसांचं म्हणणं न्यायालयाने मानलं नाही आणि दीड लाख रुपये द्यायला लावले. पण नीलाबतीकडे प्रेत होतं, अंगावरच्या जखमांची नोंद होती. इंद्रवेल्लीच्या कित्येक घरांकडे तेवढंही नाही. त्यांच्याकडे हा स्तूप आहे.

तो १९८३ साली संघमने उभारला. १९८६ साली तो पाडला गेला. गोंडांचं बोट पोलिसांकडे आहे. १९८७ साली तो पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी उटनूरच्या आयटीडीएने, म्हणजे सरकारी यंत्रणेने, तो बांधला. मला या साक्षीदाराच्या चरित्रातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. जे सरकार कागदावर तेराच्या पुढे जायला तयार नव्हतं, त्याने स्वतःच्या पैशाने स्मारक बांधून काहीतरी भयंकर घडल्याची कबुली दिली. आणि मग वर्षानुवर्षं २० एप्रिलला त्याच स्तंभाभोवती जमावबंदी लावली, नाके बसवले, पूजेला येणाऱ्यांना वाटेत अडवलं. साक्षीदार उभा करायचा आणि त्याला भेटायला येणाऱ्यांना हाकलायचं, असं दुसरीकडे पाहिलेलं नाही.

याच मंडलात केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी तिथे गोंडांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी १९४०च्या दशकात दरबार सुरू केला, कारण बंड करणारा गोंड नेता कुमरम भीम मारला गेल्यानंतर निजामालाही कळलं होतं की ऐकून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. पुढे गोळीबारानंतर त्याच मुलखातली माणसं ऐकायला कुणी नाही म्हणून दगडाशी बोलू लागली.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी इथे स्मृतिवनाची पायाभरणी केली. झाडं लागोत, बाग होवो. पण त्या दिवशी जो वीस वर्षांचा पोरगा गोळ्यांतून पळाला, तो आज पासष्टीच्या घरात आहे. त्याच्या डोक्यात कोण कुठे पडलं ते आहे, आणि ते कुठल्याही दप्तरात नाही. तेलंगणा सरकारने आधी गुड्यागुड्यांत न्यायिक अधिकारी पाठवावेत, गोंडी जाणणारे लेखनिक सोबत द्यावेत, जबाब घ्यावेत, नाव आणि गाव लिहून घ्यावं. यादी तेरावर थांबली तर तेरा, शंभरावर गेली तर शंभर. हे काम याच पिढीत व्हायला हवं, कारण पुढच्या पिढीत सांगायला कुणी उरणार नाही.