भिंतीतून गेलेली तार

सांगली जिल्ह्यातील एका गावी अण्णा व तात्या या दोघा बंधूंचे वडिलोपार्जित घर आहे. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली, मध्ये दगडी भिंत उभी राहिली आणि एका घराची दोन दारे झाली. भांडण झाले नाही. मात्र बोलणे कामापुरते उरले. वडिलांनी स्वाध्यायाच्या टिपणांच्या 14 वह्या लिहून ठेवल्या होत्या. त्याही सात-सात वाटल्या गेल्या. जमिनीची वाटणी समजू शकते. वह्यांची कशी झाली, हे आज दोघांनाही सांगता येत नाही.

तात्यांची नात अभियांत्रिकीला आहे. दोन्हीकडे संगणक, दोन्हीकडे इंटरनेटचे बिल आणि दोन्हीकडे शाई वाळलेले प्रिंटर पाहून तिने विचारले, ‘अपरिग्रहावर प्रवचने ऐकणाऱ्या घराला दोन प्रिंटर कशाला?’ एक जोडणी, स्कॅनरसह एक नवा प्रिंटर आणि वह्यांच्या प्रतिमांसाठी अण्णांच्या संगणकावर एक सामाईक फोल्डर, अशी तिची योजना होती.

वायफाय त्या भिंतीपुढे हतबल ठरले. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीत फार क्षीण होतात, 2.4 च्या थोड्या पुढे जातात, पण वेग मंदावतो. म्हणून लॅनची तार टाकायचे ठरले. अशी तार 100 मीटरपर्यंत चालते. येथे 20 मीटर पुरली. भिंतीस छिद्र पाडण्यास तात्यांनी अनुमती दिली, ती चार दिवसांनी. त्यांचा जुना राउटर तिकडे वायफाय पसरवण्यापुरता ठेवला.

फोल्डरसंबंधी अण्णांनी एक अट घातली: तात्यांकडून केवळ वाचता यावे, बदल करता येऊ नये. ‘चुकून काही पुसले गेले तर?’ कारण खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते.

दशलक्षण पर्वाच्या आदल्या दिवशी रात्री वीज गेली आणि आली. सकाळी तात्यांना पूजेचे पत्रक छापायचे होते, प्रिंटर मिळेना. अण्णांकडूनही तो चालत नव्हता, हे त्यांना ठाऊक नव्हते. ‘बंद करून ठेवला असेल,’ एवढेच ते म्हणाले. दहा वर्षांचे सारे त्या वाक्यात होते.

नातीने राउटर तपासला. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला राउटर एक अंकी पत्ता देतो. वीज गेल्यावर ते पत्ते नव्याने वाटले गेले. प्रिंटरचा 192.168.1.5 हा पत्ता अण्णांच्या मोबाइलला मिळाला आणि प्रिंटरला 192.168.1.8. दोन्ही संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर पत्रके पाठवीत होते. तिने प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला. काम दहा मिनिटांचे होते.

तात्या काही बोलले नाहीत. संध्याकाळी अण्णांनीच नातीला बोलावून फोल्डरची अट काढायला सांगितली. तिने बजावले की सामाईक फोल्डर म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. आता दोघांच्याही हातून पुसले जाऊ शकते. तेव्हा दर रविवारी एका बाह्य हार्ड डिस्कवर प्रत घ्यावी आणि ती डिस्क तात्यांकडे ठेवावी, असे ठरले.

पुढे वह्या स्कॅन होऊ लागल्या. तात्यांकडील आठवी वही अर्ध्या वाक्यापासून सुरू होत होती. त्या वाक्याचा पूर्वार्ध अण्णांकडील सातव्या वहीच्या शेवटच्या पानावर निघाला. ते पान पाहण्यास तात्या भिंतीला वळसा घालून अण्णांच्या दारी आले. वास्तविक ते त्यांच्या पडद्यावरही दिसत होते.