गिरणीवाल्यांना एक विनंती

माझ्या पुतणीला पोळी चालत नाही म्हटलं की लोक म्हणतात, "ही शहरातली फॅडं." फॅड नाही हो, सिलियाक आजार आहे. गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. तीन वर्षं आम्ही जंताची औषधं आणि रक्तवाढीच्या गोळ्या देत राहिलो, पण पोरीची उंची काही वाढेना. शेवटी टीटीजी रक्ततपासणी आणि बायोप्सीत निदान झालं. (तपासणीआधी गहू बंद करू नका, आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.)

यावर गोळी नाही, जन्मभराचं पथ्य आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. तरी पोट दुखायचं थांबेना. कारण सापडलं गिरणीत: आधी गहू, मग त्याच चक्कीत आमची ज्वारी! आता घरीच दळतो. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, वाचून घ्या.

गिरणीवाल्या भावांनो, एक चक्की तरी फक्त ज्वारी-बाजरीला ठेवा. आणि लग्नाच्या पंगतीत "एका घासानं काय होतंय?" म्हणून आग्रह करू नका.

होतं. आम्ही बघितलंय.