आजोबांची पद्मिनी
आजोबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी शेडमधून बाहेर काढली, तेव्हा डेंटिंग-पेंटिंगवाला म्हणाला, "नवी करून देतो." बाबा लगेच तयार. मी अडले. कुर्ल्याच्या कारखान्यात लागलेला तो फिकट रंग एकदा घासला की गेलाच. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याला आजोबांच्या बोटांनी झिलई आणलीय. दारावर आजीच्या बांगड्यांचे ओरखडे आहेत (निदान मी तरी तसं मानते). पण मॅट उचललं तर गंजलेल्या पत्र्यातून खालची जमीन दिसली. तिथे माझा हट्ट संपला. तळाला नवा पत्रा वेल्ड केला, ब्रेकचं काम केलं. रंगाला मात्र हात लावू दिला नाही. बाबा अजून कुरकुरतात. काल चोक ओढून पहिली चक्कर त्यांनीच मारली.