कोमट म्हणजे किती?

‘यीस्ट कोमट पाण्यात भिजवा’ एवढं सांगून पाककृती मोकळ्या होतात. कोमट म्हणजे किती, ते ज्याचं त्यानं बघायचं.

डिसेंबरात पहिला पाव केला. आधण गॅसवरून उतरवलं, जरासं निवल्यासारखं वाटलं, त्यात साखर आणि यीस्ट घातलं. पंधरा मिनिटं झाली तरी फेस नाही, वास नाही. तळाशी मातकट गाळ. तरीही मैदा मळला, भाजला. निघाली वीट. 60 अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, हे नंतर कळलं.

मे महिन्यात शहाणा झालो होतो. पाणी तापवलंच नाही, दुपारी सरळ नळाखाली भांडं धरलं. पण सोलापुरात चार-पाच दिवसांआड येणारं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत पडून असतं आणि बाहेर पारा 42 वर. यीस्ट पाच मिनिटांत फसफसलं. मी खूश. गोळा झाकून जरा आडवा झालो. उठलो तर झाकण वर उचललेलं, पीठ कडेवरून ओघळलेलं. बोट लावलं की तार सुटत होती.

“अहो, शिंदीच्या दुकानावरून आल्यासारखा वास सुटलाय घरभर,” ही म्हणाली.

तिचं नाक बरोबर होतं. यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं तसं मद्यार्कही करतं. गोव्याचे पोदेर पूर्वी माडाच्या सुरेवरच पाव फुगवत. माझा पाव मात्र मध्ये बसला, आंबट झाला.

मग थर्मामीटर आणला. नळाचं पाणी 43, डब्यातला मैदा 36, स्वयंपाकघर 37. मळलेला गोळा 26 अंशांचा हवा. बेकरीतला हिशेब असा: 26 ची तिप्पट 78, त्यातून मैद्याचे आणि खोलीचे मिळून 73 वजा. उरले 5. म्हणजे फ्रीजमधली बाटली! इन्स्टंट यीस्ट आधी कोरड्या मैद्यात मिसळायचं, थंडगार पाणी थेट त्याच्या अंगावर ओतायचं नाही.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं हिला समजावलं.

“मेमध्ये इडलीचं पीठ मी रात्रभर बाहेर ठेवते का कधी?” तिनं विचारलं.

आता उन्हाळ्यात पाव पहाटे पाचला मळतो. थर्मामीटर हिनं पळवलाय. विरजणाच्या दुधात आधी करंगळी बुडवते, मग तो बुडवते, आणि आकडा मला मोठ्यानं वाचून दाखवते.