अंगाला हात

'खरारा' हा शब्द आमच्या बोलण्यांतून आतां जवळजवळ नाहींसा झाला आहे. ज्या वाड्यांच्या मागल्या अंगाला पागा होत्या ते वाडे गेले, पागा गेल्या, आणि मोतद्दाराच्या हातांतील तें दांतेरी साधन व त्या साधनानें होणारी क्रिया या दोहोंचें मिळून असलेलें हें एक नांवहि गेलें. शब्दाच्या नादावरून ती क्रिया मोठी राकट असावी असा कोणाचाहि समज होईल. परंतु ज्या घोड्याला अंगाला हात लावलेलाच खपत नाहीं त्याला खरारा करणें किती नाजूक काम आहे, हें मीं एका उन्हाळ्याच्या सुटींत माथेरानास पाहिलें, आणि तेव्हांपासून स्पर्श या विषयाचा मी अधिक विचार करूं लागलों आहें.

माथेरानास मोटारींना मज्जाव असल्यामुळें घोडा हें तेथें अजूनहि पोटाचें साधन आहे. आम्ही उतरलों होतों त्या बंगल्यामागेंच एका घोडेवाल्याचा तबेला होता, व त्यांत त्या वर्षीं नवीन घेतलेली एक तांबूस घोडी होती. पाठीवर माणूस घेऊन ती चांगली चाले. पण ब्रश घेऊन कोणी जवळ आलें कीं कान मागें टाकी, अंग चोरी, आणि पोटाकडे हात गेला तर दांत दाखवी. तेथील तांबडी माती दिवसभर अंगावर बसते. ती तंगाखालीं तशीच राहिली कीं कातडी सोलवटते, आणि सोलवटल्या जागीं तंग आवळला म्हणजे घोडी चावणारच. चावरी घोडी गिऱ्हाइकाला देतां येत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं ती सुधारली नाहीं तर मिळेल त्या किंमतीला काढून टाकायची, असें मालकानें ठरविलें होतें. आणि 'खोडील' म्हणून नांव पडलेल्या जनावराला पुढें कसलें घर मिळतें हें सांगावयास नको.

हें काम मालकाच्या म्हाताऱ्या चुलत्यानें आपणहून अंगावर घेतलें. त्यानें प्रथम जनावरांच्या डॉक्टराला आणून घोडी तपासून घेतली. "हात लावूं देत नाहीं ही खोड आहे का तक्रार आहे, तें आधीं बघावं लागतं, मास्तर," असें तो मला म्हणाला. पोटांतील व्रण, कातडीचा दाह, नीट न बसणारें खोगीर, यांपैकीं कोणतेंहि दुखणें घोड्याला स्पर्शाचा वैरी करूं शकतें, व अशा वेळीं त्याला शिस्त लावूं जाणें म्हणजे रोग्याला त्याच्या कण्हण्याबद्दल रागें भरण्यासारखें आहे. या घोडीला दुखणें कांहीं निघालें नाहीं. पुढल्या पायामागें, तंग बसतो तेथें, जुन्या जखमेचे पांढरे केस तेवढे आढळले. जखम भरली होती. तिची आठवण भरली नव्हती.

घोड्याच्या अंगावर माशी बसली तर तो सारें अंग न हालवितां नेमकी तेवढीच जागा थरारवितो. कातडीखालीं स्नायूंचा एक पातळ पडदा पसरलेला असतो, त्याची ही करामत. ज्याला माशीचें बसणें कळतें त्याला खराऱ्याचे दांत कसे वाटत असतील? त्याची नजरहि अशीच तीक्ष्ण. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें 'शहाणा हान्स' नांवाचा एक घोडा खुरानें ठोके देऊन गणितें सोडवितो म्हणून गाजला होता. १९०७ सालीं ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें दाखवून दिलें कीं, हान्साला गणित मुळींच येत नव्हतें. उत्तराचा आंकडा आला कीं प्रश्न विचारणाऱ्याच्या मस्तकाची नकळत जी यत्किंचित् हालचाल होई, ती पाहून तो थांबत असे. असा प्राणी आपल्याकडे चिडून किंवा घाईनें येणाऱ्या माणसाला, त्याचा हात लागण्यापूर्वींच ओळखतो, यांत नवल तें काय?

म्हातारा घोडीच्या अगदीं समोरून किंवा बरोबर पाठीमागून कधींच गेला नाहीं, कारण या दोन जागा घोड्याला दिसत नाहींत. बोलत बोलत तो खांद्याच्या बाजूनें येई, व हाताची पाठ पुढें करून थांबे. घोडीनें हुंगली तर ठीक. तोंड फिरविलें तर तो तसाच उभा राही. पहिले तीन दिवस त्यानें ब्रश हातांत घेतलाच नाहीं. मान जेथें संपते व पाठ जेथें सुरू होते तेथें तो नुसतें बोटांनीं खाजवी. घोडी क्षणभर स्थिर राहिली कीं हात काढून घेई. हालली तर मात्र हात हलका करून तेथेंच ठेवी. हालल्यानें हात सुटतो असें घोड्याला एकदां कळलें कीं तो हालतच राहतो. स्थिर राहिल्यानें सुटतो असें कळलें कीं स्थिर राहूं लागतो. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. हळुवार म्हणून आपण जो निसटता स्पर्श करतों तो त्या घोडीला माशीसारखाच वाटे. म्हणून त्याचा हात सबंध तळव्यानें, संथपणें व केसांच्या दिशेनें फिरे, आणि दुसरा हात सदैव तिच्या खांद्यावर असे. पुढें हाताच्या जागीं फडकें आलें, फडक्याच्या जागीं मऊ ब्रश. दांतेरी खरारा पोटाला, पायांना व तोंडाला त्यानें कधींच लावला नाहीं.

त्यानें जागा निवडली तीहि सहज नव्हे. घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांना दांतांनीं खाजवितात तें याच ठिकाणीं. फे व द माझिएर या दोन संशोधिकांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें आहे कीं, या जागीं माणसानें खाजविलें तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात; अन्यत्र खाजविल्यानें तसें होत नाहीं. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत झेनोफन या ग्रीक ग्रंथकारानें अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथांत, घोड्याला जेथें आवडतें तेथें स्पर्श करावा, त्याच्या डोक्याला कठीण साधन न लावतां तें पाण्यानें स्वच्छ करावें, आणि रागाच्या भरांत त्याच्याजवळ जाऊं नये, असें बजावलें आहे. आमच्या महाभारतांत तर या विद्येला नांवच मोठें सुंदर आहे. बाहुक होऊन ऋतुपर्णाच्या पदरीं राहिलेल्या नळानें त्याच्यापासून द्यूताचें रहस्य घेतलें, व मोबदल्यांत त्याला घोड्यांची जी विद्या दिली तिला व्यासांनीं 'अश्वहृदय' म्हटलें आहे.

मे महिना सरतां सरतां घोडीचा तंग तिच्या कुरकुरीशिवाय आवळला जाऊं लागला. पोटावरून ब्रश फिरणें तिला अखेरपर्यंत आवडलें नाहीं. ती तें सोशी, आणि म्हातारा तेवढें काम झटपट उरकी. तबेल्यांतील तिची जागा कायम राहिली.

आम्ही शिकलेलीं माणसें प्रेमाच्या स्पर्शाविषयीं फारसा विचार करीत नाहीं. पाहुणे आले कीं लहान मुलाला पुढें ढकलतों. ते त्याचे गाल ओढतात, तें अंग चोरतें, आणि 'लाजतो हो जरा' असें म्हणून आम्ही हंसतों. आपला हेतु चांगला असला कीं दुसऱ्याच्या अंगावर आपला हक्क पोंचतो, असें आम्ही गृहीत धरतों. घोडा हें गृहीत धरूं देत नाहीं, कारण त्याला लाथ मारतां येते. लहान मुलाला व अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती मारतां येत नाहीं, एवढाच फरक.

त्यानंतर दोनच वर्षांनीं माझी आई अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळली. आयुष्यभर सोंवळ्यांत राहिलेल्या त्या बाईला परक्या हातांनीं अंग पुसून घेणें जड जाई. पाण्याचें भांडें दिसलें कीं तिचा चेहरा आक्रसे. मीं शुश्रूषा करणाऱ्या बाईंना सांगितलें कीं, आधीं बोलावें, मग चांगल्या हाताचा तळवा धरावा, तेथून खांद्याकडे जावें, आणि आईनें हात उचलला कीं थांबावें. पहिल्या आठवड्यांत तिनें तो कितीदां उचलला याची गणती नाहीं. पुढें पुढें ती तो उचलीनाशी झाली. पण उचलला तर थांबावयाचें, हा शिरस्ता त्या बाईंनीं शेवटच्या दिवसापर्यंत पाळला.