तिन्हीसांजेसाठी पांढरी फुलं

बागेसाठी रोपं निवडताना आपण फुलाचा रंग बघतो, उजेड बघत नाही. वैशाखातलं आपलं ऊन इतकं पांढरंफटक असतं की फिकी गुलाबी, जांभळट फुलं त्यात विटल्यासारखी दिसतात. त्या उन्हाला पुरून उरतात जास्वंद, कर्दळ, बोगनवेल. दुपारच्या अंगाला लाल-केशरी रंग बेलाशक लावावेत, फक्त त्यांच्या पाठीशी गर्द हिरवं काहीतरी हवं. अबोली उघड्यावर एकटी असली की केविलवाणी वाटते. अडुळशाच्या सावलीला लावली की तोच केशरी रंग आतून उजळतो.

गर्ट्रूड जेकिल या इंग्लिश बाईंनी 1908 साली बागेतल्या रंगांवर एक पुस्तकच लिहिलं. मूळच्या त्या चित्रकार, नजर अधू. त्यांच्या मन्स्टेड वुडच्या लांबलचक ताटव्यात दोन्ही टोकांना निळी-राखाडी झाडं होती आणि मध्यावर लाल-शेंदरी रंगांचा भडका. डोळा आधी राखाडीत मुरला की पुढचा पिवळा जास्त तेजाळतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांची झाडं तिथल्या मऊ उजेडातली; ती इथे आणण्याचा अट्टहास नको. पण कुंपणावरची निळी गोकर्ण बघून मग पिवळ्या शेवंतीपाशी यावं, एवढी योजना आपल्या अंगणातही करता येते.

माझ्या आजीनं असली योजना कधी केली नाही. न्हाणीघराचं पाणी जिथे वाहत जाई तिथे अळू, कर्दळ, केळ आणि सोनटक्का अशी दाटी होती. सगळी पाण्याची भुकेली झाडं. अळवाचं पान मखमली, त्यावर पाण्याचा थेंब ठरत नाही. कर्दळीचं तांबूस, उन्हाकडे धरल्यासारखं. केळीचं फाटून झुलणारं. भाद्रपदात त्या हिरव्या अंधारातून सोनटक्क्याची शुभ्र फुलं वर येत. तितका देखणा कोपरा मी नंतर आखीव बागांत पाहिलेला नाही. ज्यांची तहान सारखी, ती झाडं शेजारी शोभतातही, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. भरपूर पाणी मागणाऱ्या झाडाशेजारी निवडुंग लावला की दोघंही परके दिसतात.

आणि मग संध्याकाळ. नोकरदार माणसाच्या वाट्याला स्वतःची बाग येते ती याच वेळी. उजेड मंदावला की लाल रंग सगळ्यांत आधी काळवंडतो आणि पानं मात्र उजळ भासू लागतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी हे टिपलं. अंधारात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. दुपारी मिरवणारी जास्वंद साडेसातला नाहीशी होते. तगर, मोगरा, जुई तेव्हा कुठे दिसायला लागतात. रात्री उमलणारी बरीच फुलं पांढरी आणि सुवासिक असतात, कारण त्यांना पतंगांना बोलवायचं असतं. रंग आणि गंध यांची ही जोडी निसर्गानंच जमवून ठेवली आहे.

तिच्यात ऋतूही सांभाळता येतात. मोगरा उन्हाळ्याचा, जुई पावसाची, पारिजातक पाऊस सरता सरता बहरणारा, कुंद थंडीतला. मात्र जुईच्या जवळ रातराणी कधीच लावू नये. जुईचा वास हळवा असतो, रातराणी त्याला उरू देत नाही. रातराणी फाटकापाशी बरी, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी.

तेव्हा रोपवाटिकेत जाण्याआधी, जिथे झाड लावायचं तिथे सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला थोडं बसून पाहा. पाणी कुठे साचतं, सावली कुठवर सरकते, तुम्ही स्वतः तिथे कोणत्या वेळी असणार, हे आधी ठरू द्या. आणि सांजेच्या कोपऱ्यात कृपा करून दिव्यांच्या माळा सोडू नका. पतंग त्या उजेडाला भुलतात आणि फुलांकडे जायचे राहतात.