त्रिरश्मीच्या डोंगरावरच्या खोल्या

आमचा भाचा जपानात ओसाका येथे नोकरीला असतो. गेल्या वर्षी एके दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "मामा, काल रात्री मी संग्रहालयात झोपलो होतो!"

आता संग्रहालयात झोपण्यात एवढे नवल ते काय? भर दुपारी खुर्चीवर बसल्या बसल्या झोपलेले पहारेकरी मी पुष्कळ पाहिले आहेत. पण ह्याने म्हणे त्यासाठी पैसे मोजले होते, आणि ते ऐकून आमच्या सौ.ने कपाळाला हात लावला. तेवढ्यात आमच्या घरचा दोन महिन्यांचा किराणा आला असता.

भाचा गेला होता नाओशिमा नावाच्या बेटावर. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातले हे एक लहानसे बेट. त्याच्या उत्तर टोकाला तांबे गाळण्याचा जुना कारखाना आहे, आणि दक्षिणेच्या टेकडीवर तादाओ आंदो ह्या नामवंत वास्तुशिल्पज्ञाने बांधलेले 'बेनेसे हाउस'. १९९२ साली ते उघडले. संग्रहालय आणि हॉटेल एकाच इमारतीत! बाहेरचे प्रेक्षक संध्याकाळी घरी गेले, तरी मुक्कामाचे पाहुणे आणखी काही वेळ चित्रांतून हिंडू शकतात. खाली धक्क्यावर यायोई कुसामा ह्या बाईंनी केलेला एक भला मोठा पिवळा भोपळा आहे, अंगभर काळे ठिपके असलेला. २०२१ च्या वादळात तो समुद्रात वाहून गेला आणि २०२२ साली पुन्हा जागेवर बसवण्यात आला. आपल्या गोष्टीतल्या म्हातारीच्या भोपळ्यालाही इतके हाल सोसावे लागले नव्हते.

"अशी कल्पना जगात दुसऱ्या कोणाला सुचली नसेल," असे भाचा म्हणाला, तेव्हा मात्र मला राहवले नाही. "अरे, नाशिकला दोन हजार वर्षांपूर्वी हेच होते," मी म्हणालो. "आणि तेही फुकट!"

"फुकट कसे असेल?" सौ. मध्येच म्हणाली. "कोणीतरी दिलेच असतील की पैसे." तिची बँकेत तीस वर्षे गेली आहेत. फुकट ह्या शब्दावर तिचा विश्वास नाही. ह्या एका प्रश्नापायी आम्ही भाद्रपदात नाशिकची गाडी पकडली.

नाशिक शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला पांडवलेण्यांचा डोंगर आहे. लेखांत त्याचे नाव 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मी. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे आणि तिथून पायऱ्या चढू लागतात. पाच पांडवांचा ह्या लेण्यांशी काडीचा संबंध नाही. पण पुढच्या काळातल्या भाविकांनी आतल्या मूर्ती पाहिल्या आणि आपल्या ओळखीची नावे त्यांना देऊन टाकली. डोंगराच्या कमरेला पट्टा बांधावा तशी ही चोवीस लेणी एका रांगेत कोरलेली आहेत. त्यांतले अठराव्या क्रमांकाचे तेवढे चैत्यगृह, म्हणजे पूजेचे. बाकीची बहुतेक राहण्याची! हे ध्यानात घेतल्याशिवाय पांडवलेणी समजत नाहीत. इथे मूर्ती पाहायला येणारा माणूस निराश होऊन परत जातो, कारण तो मंदिर शोधत असतो आणि उभा असतो धर्मशाळेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि पावसाची भुरभुर चालू होती. प्रथम तिसऱ्या लेण्यात शिरलो. ह्या लेण्याच्या जोत्याखालून सहा धिप्पाड पुरुष खांद्यापर्यंत वर आले आहेत, आणि खांद्यावर तुळया घेऊन सबंध लेणे उचलून धरीत आहेत. दोन हजार वर्षे झाली, एकानेही खांदा बदललेला नाही. आत जाण्याच्या दारावर सांचीच्या तोरणाची आठवण करून देणारे कोरीवकाम आहे. आत भला थोरला चौक, तिन्ही बाजूंना बसायला सलग दगडी ओटा, आणि त्या ओट्यामागे अठरा खोल्या. समोरच्या भिंतीवर स्तूप कोरलेला आहे.

हे लेणे गौतमी बलश्रीचे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी ह्याची ही आई. मुलगा वारल्यावर, नातू पुळुमावी ह्याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि ओसरीच्या भिंतीवर आपल्या मुलाच्या पराक्रमाचा मोठा लेख कोरवला. क्षहरातांचा वंश त्याने निखळून टाकला, असे ती त्यात सांगते. क्षहरात म्हणजे क्षत्रप नहपानाचे घराणे. आणि गंमत अशी, की त्याच नहपानाच्या जावयाचे लेणे इथून चार पावलांवर, दहाव्या क्रमांकाला आहे! तेही असेच: सहा खांबांची ओसरी, आत चौक, भोवती खोल्या. फक्त त्या सोळा.

"म्हणजे जिंकणाऱ्यांनी दोन खोल्या जास्त काढल्या," सौ. म्हणाली. इतिहासाच्या पुस्तकांत हे वाक्य मी वाचलेले नाही, पण ते असायला हरकत नाही.

मात्र पराभूतांचे लेणे कोणी फोडले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नहपानाची नाणी गौतमीपुत्राने सोडली नव्हती. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सारी नहपानाची, पण त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. नाण्यावरचे नाव पुसले आणि लेण्यातले तसेच ठेवले. राहणारे भिक्षू नहपानाचेही नव्हते आणि गौतमीपुत्राचेही नव्हते, म्हणून असेल कदाचित. पुढे केव्हातरी दहाव्या लेण्यातला मागच्या भिंतीवरचा स्तूप तासून त्याचा भैरव करण्यात आला, ती गोष्ट वेगळी.

नहपानाच्या ह्या जावयाचे नाव उषवदात. त्याच्या बायकोचे, नहपानाच्या मुलीचे, नाव दक्षमित्रा. ओसरीच्या टोकाच्या खोलीवर तिचाही लेख आहे: ही ओवरी दक्षमित्रेचे दान. सासऱ्याच्या राज्यात जावयाने लेणे खोदवले तरी बायकोने आपली खोली स्वतःच्या नावाने दिली, हे सौ.ला आवडले.

आणि मग तो लेख आला ज्यासाठी मी तिला इथवर आणले होते. महामहोपाध्याय मिराशी ह्यांनी सातवाहन-क्षत्रपांच्या लेखांचे जे पुस्तक केले आहे, त्यावरून मी टिपणे काढून नेली होती. बेचाळिसाव्या वर्षी, वैशाख महिन्यात, उषवदाताने हे लेणे चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिले. नुसते लेणे देऊन तो थांबला नाही. त्याबरोबर त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, ठेवली. ती कोणाकडे? गोवर्धन येथे राहणाऱ्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे एक हजार, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधीही परत द्यायचे नाही, व्याज तेवढे खायचे. दोन हजारांच्या व्याजातून ह्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावेत.

सौ.ने पर्समधून पेन काढले आणि तिकिटाच्या मागच्या बाजूवर आकडे मांडले. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. "ताळा बरोबर जमतो!" ती म्हणाली, आणि भिंतीकडे अशा नजरेने पाहू लागली, की जणू एखादा जुना सहकारीच भेटला आहे. "पण दर दोन वेगळे का? आणि लहान ठेवीला कमी?"

ह्याचे उत्तर लेखात नाही. हजाराच्या व्याजाचा विनियोग ज्या 'कुशणमूल' शब्दाने सांगितला आहे, त्याच्या अर्थावर पंडितांचा वाद आहे. पण हा सारा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला गेला आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदवला गेला, असे मात्र लेख स्पष्ट सांगतो. म्हणजे नोंदणी झाली, साक्षी झाले आणि वर दगडावर पावतीही कोरली. ते विणकर आजच्या येवल्याच्या पैठणीवाल्यांचे पूर्वज होते की नाही, देव जाणे. पण राजाचा जावई आपली ठेव विणकरांच्या हवाली करतो, ह्यावरून त्या पेढीची पत दिसते.

"आणि जेवणाचे काय?" हा तिचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. त्याचीही सोय आहे. वाराहीपुत्र अश्विभूति नावाच्या ब्राह्मणाकडून उषवदाताने चार हजार कार्षापणांना एक शेत विकत घेतले, आणि ह्या लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या कोणाही भिक्षूला त्यातून अन्न मिळेल अशी व्यवस्था केली. येणारा कुठला, कोणाचा, हे विचारायचे नाही!

"सोळा खोल्या, वरची एखाद-दुसरी, आणि माणसे वीस," सौ. हिशेब करीत म्हणाली. "काहींना दोघांत एक खोली घ्यावी लागली असणार."

मी एका खोलीत जाऊन बसलो. सहा-सात फूट लांबरुंद असेल. एका अंगाला दगडातच सोडलेला ओटा, तोच पलंग. भिंतीवर एक रेघसुद्धा कोरलेली नाही. बाहेर खांबांवर घंटेसारखी शीर्षे, त्यांवर प्राणी, दाराभोवती नक्षी, आणि झोपायच्या खोलीत काहीच नाही! भाच्याच्या हॉटेलात चित्रे पाहुण्याच्या उशापर्यंत येतात. इथल्या कारागिराने ती दारातच थांबवली आहेत. मला वाटते, ज्याला तीन महिने पावसात एका जागी बसून मन आवरायचे आहे, त्याला हेच बरे. बाहेर पाऊस वाढला होता. ओसरीच्या कडेवरून पाण्याची झालर पडत होती आणि तिचा आवाज चौकात घुमून खोलीपर्यंत येताना अगदी मऊ होत होता. खोलीत हवा कोरडी होती. डोळे सरावले तसा समोरच्या काळोखातून भैरव हळूहळू दिसू लागला. स्तूप असता तर तोही असाच दिसला असता.

तेवढ्यात पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. सूर्यास्ताला लेणी बंद होतात आणि संरक्षित स्मारकात रात्री राहता येत नाही. हा नियम योग्यच आहे. दिवसाढवळ्या लोक जिथे बदामात आपली नावे कोरून जातात, तिथे रात्री काय करतील ते सांगायला नको. तरी उतरताना चुटपुट लागली. ज्या खोल्या केवळ मुक्कामासाठी खोदल्या, त्यांत तेवढा मुक्काम करता येत नाही.

रात्र आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या एका लॉजात काढली. खिडकीतून डोंगर दिसत होता, म्हणजे रस्त्याचे दिवे जिथे संपतात तिथून पुढे एक काळा त्रिकोण दिसत होता. रात्रभर ट्रक जात होते. हा रस्ता जुनाच आहे. देशावरून घाट उतरून बंदरांकडे जाणारे व्यापारी इथूनच जात, म्हणून तर इथे पैसा होता आणि म्हणूनच लेणी झाली. सौ.ला झोप येत नव्हती. "अहो," ती अंधारात म्हणाली, "ती ठेव बुडाली केव्हा?" मी म्हणालो, श्रेणी गेल्या तेव्हा केव्हातरी. "आणि शेत?"

शेतांची एक गोष्ट मला माहीत होती, ती तिला सांगितली. गौतमीपुत्राने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी ककडी गावातले दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना दिले होते. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, पुन्हा एक राजाज्ञा निघाली, गोवर्धनचा अमात्य श्यामक ह्याच्या नावाने. पूर्वी दिलेले ते शेत कोणी कसत नाही, त्या गावात वस्तीही नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरची राजाच्या मालकीची शंभर निवर्तने द्यावीत! राजाने दिलेले दान कागदावर राहिले आणि भिक्षू सहा वर्षे दाद मागत राहिले असतील, हे त्या दोन ओळींमागे दिसते.

"दोनशेची शंभर केली," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले झोपली.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही पुन्हा वर गेलो. फिरायला आलेली नाशिककर मंडळी पायऱ्यांवर भेटत होती. काल राहिलेली लेणी आज पाहायची होती. एकोणिसावे सर्वांत जुने, सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळचे. नाशिकच्या श्रमणांचा महामात्र, म्हणजे संन्याशांची व्यवस्था पाहणारा सरकारी अधिकारी, ह्याने ते करवले. अवघ्या सहा खोल्या. शेजारच्या अठराव्या चैत्याच्या दर्शनी भागावर एका गावाच्या दानाचा लेख आहे, त्यात नाशिककर हा शब्द येतो. सतरावे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचे. टोकाचे चोविसावे दशपूरच्या वुधिक नावाच्या लेखकाने, म्हणजे कारकुनाने, दिलेले. राणी, जावई, परदेशी, कारकून, सारा गाव. सौ. प्रत्येक नावापाशी थांबत होती. ही नावे कोरलेली आहेत तीही बहुधा ओसरीत, जिथे उजेड चांगला पडतो तिथेच. वर्गणीदारांच्या पाट्या लावण्याची आपली हौस आजची नव्हे.

विसाव्या लेण्यात बरेच काम नंतरचे आहे. आत मोठा बसलेला बुद्ध आहे, तो पुढच्या शतकांतला. पण ओसरीतला लेख यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षाचा. बोपकी नावाच्या एका यतीने हे लेणे खोदायला घेतले. ते बरीच वर्षे अपुरे पडून राहिले. मग भवगोप नावाच्या महासेनापतीची पत्नी वासू हिने ते पुरे केले आणि चारी दिशांच्या भिक्षुसंघाला राहायला दिले.

मी लेख वाचून दाखवला. सौ. खोल्यांच्या दारांतून एकेक करून डोकावून आली.

"मग इतकी वर्षे," तिने विचारले, "तो बोपकी स्वतः कुठे झोपत असेल?"